सही कुणाची?

पुण्यात आले की कुणी ना कुणी माझ्या उजव्या हाताच्या करंगळीकडे बघतेच. करंगळीत लोखंडाची अंगठी आहे, ओबडधोबड, ठोकून चपटी केल्यासारखी. घाम आला की बोट काळे पडते. मग विचारणा होते, "साडेसाती चालू आहे का गं?" मावशीने तर एकदा घोड्याच्या नालेचीच आहे ना, शनिवारीच घातलीस ना, अशी पुढची चौकशीही केली.

मी सांगलीच्या वालचंदमधून सिव्हिल झाले, काही वर्षे पुण्यात एका आर.सी.सी. कन्सल्टंटकडे काढली आणि मग नवऱ्याबरोबर कॅनडात, ओंटारियो प्रांतात गेले. अंगठी तिथली. अभियांत्रिकी शिकलेली मुलेमुली पदवीच्या सुमारास एक शपथ घेतात आणि ही अंगठी लिहित्या हाताच्या करंगळीत घालतात. नकाशावर हात फिरला की ती कागदाला घासते, तेवढीच आठवण. बाहेरून शिकून आलेल्यांनाही ही शपथ घेता येते. मी ती चाळिशी ओलांडल्यावर घेतली, विशीतल्या पोरांच्या रांगेत उभी राहून.

शपथेचा मजकूर लिहिला रुड्यार्ड किपलिंगने. आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला तोच किपलिंग. त्याचे वडील तिथे शिकवत. टोरोंटो विद्यापीठातले खाणकामाचे प्राध्यापक हॉल्टेन यांनी त्याला गळ घातली आणि १९२५ साली माँट्रियलमध्ये पहिला विधी झाला. विधी खासगी असतो, त्यामुळे त्याच्याभोवती कथा भरपूर जमल्या आहेत. सर्वांत लाडकी कथा अशी की पहिल्या अंगठ्या क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडातून घडवल्या. हे खरे नाही. पण पूल पडला ते खरे आहे, आणि अंगठीपेक्षा त्या पुलाची हकीगत माझ्या धंद्याला जास्त लागू पडते. अंगठी घातली म्हणून कायद्याने काहीच करता येत नाही. ड्रॉइंगवर शिक्का मारायचा तर प्रांताच्या संस्थेकडे नाव नोंदवून परवाना काढावा लागतो. त्या नोंदणीचे मोल मला कळले ते या पुलाच्या चौकशी अहवालातून.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेपूल हवा होता. नदी खोल, ओढ जबरदस्त आणि हिवाळ्यात बर्फाचे डोंगर वाहत येतात. पूल बांधायला निघालेल्या कंपनीकडे पैसा तुटपुंजा. कंपनीचा मुख्य अभियंता एडवर्ड होर याने एवढा मोठा पूल कधी बांधलेला नव्हता. म्हणून न्यूयॉर्कच्या थिओडोर कूपरला सल्लागार नेमले. पुलांच्या बाबतीत अमेरिका खंडात त्याच्या शब्दापुढे शब्द नव्हता. रेल्वेपुलांच्या हिशेबातले 'कूपर लोडिंग' तिकडे आजही चालते. साठीला आलेला हा माणूस कारकिर्दीचा शेवट थाटात करू पाहत होता. त्याने मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला. कारण दिले ते पटण्यासारखे होते: खांब काठाकडे सरकले की बर्फाचा मार कमी, पाया उथळ, काम लवकर. पण स्कॉटलंडच्या फोर्थ पुलाचा गाळा १,७१० फूट होता आणि १,८०० म्हणजे जगातला सर्वांत लांब, हेही त्याला माहीत होतेच.

गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, आणि वजन वाढले की ते पेलायला आणखी लोखंड लागते. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते. तरीही वाढलेल्या गाळ्यासाठी वजनाचा हिशेब नव्याने मांडलाच नाही. स्टीलचे वजन सुमारे ६ कोटी २० लाख पौंड धरले होते. ते ७ कोटी ३० लाखांच्या घरात गेले. चूक १९०६ मध्ये उघड झाली तेव्हा बरेचसे लोखंड कापून, रिव्हेट ठोकून उभे होते. कूपरने आकडे पाहिले आणि ताण थोडा वाढेल, चालेल, असे ठरवले. लोखंडावर किती ताण येऊ द्यायचा याची मर्यादा त्याने आधीच प्रघातापेक्षा वर ठेवलेली होती.

सरकारच्या रेल्वे खात्याने मध्यंतरी म्हटले होते की कूपरच्या ड्रॉइंगची आमच्या अभियंत्याकडून एकदा तपासणी होऊ द्या. कूपर भडकला. माझ्यावर दुसऱ्याने देखरेख करायची म्हणजे काय! सरकारने माघार घेतली. १९०३ नंतर तो प्रकृतीच्या कारणाने साइटवर एकदाही गेला नाही. लोखंड उभे राहताना त्याने पाहिलेच नाही.

साइटवर त्याचे डोळे म्हणजे नॉर्मन मॅक्लूर, प्रिन्स्टनमधून नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या लक्षात आले की खालच्या बाजूचे, दाब घेणारे काही मेंबर, म्हणजे सांगाड्याचे दांडे, वाकू लागलेत. कूपरला पत्र, कूपरचे फिनिक्स कंपनीला पत्र, फिनिक्सचे उलट पत्र. पुलाचे लोखंड पुरवणारी आणि उभारणी करणारी ही कंपनी पेनसिल्व्हेनियात होती. तिचे म्हणणे, हा बाक उभारणीच्या आधीपासूनचा आहे. मॅक्लूर म्हणे, नाही, वाढतो आहे. २७ ऑगस्टला त्याने एका मेंबरचा बाक मोजला तेव्हा तो दोन इंचांच्या आसपास भरला. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता.

दाबाखालचा मेंबर आठवड्यात एवढा वाकत असेल तर काय करायचे, हे कुठलाही अभियंता झोपेतून उठून सांगेल: माणसे खाली उतरवा. मॅक्लूरला ते सांगण्याचा अधिकार नव्हता. होरकडे अधिकार होता, पण आत्मविश्वास नव्हता. मुकादमाने काम थांबवले आणि पुन्हा सुरू केले. शेवटी होरने मॅक्लूरला न्यूयॉर्कला पाठवले, कूपरला तोंडी सांगायला. २९ ऑगस्टच्या सकाळी तो कूपरच्या कचेरीत पोचला. कूपरला गांभीर्य लगेच कळले. त्याने तार केली, पुलावर आणखी वजन चढवू नका. तार गेली पेनसिल्व्हेनियात फिनिक्सच्या कचेरीत. क्वेबेकला गेलीच नाही. मॅक्लूरही गाडी पकडून फिनिक्सकडे गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे बैठक झाली आणि उद्या सकाळी बघू, असे ठरले.

५ वाजून ३७ मिनिटांनी दक्षिणेकडचा सगळा सांगाडा नदीत गेला. सुट्टीचा भोंगा व्हायच्या बेतात होता. पुलावर ८६ जण होते, त्यांतले ७५ गेले. तीसहून अधिक जण माँट्रियलजवळच्या कानावाके गावचे मोहॉक लोक होते. उंचावर लोखंड जोडण्यात त्यांचा हातखंडा. त्या एका गावात एका संध्याकाळी इतकी घरे उजाड झाली. मी तिथल्या दफनभूमीत गेले आहे. थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत. लोक सांगतात की तिथल्या बायकांनी त्यानंतर एकाच पुलावर गावातले सगळे पुरुष कामाला जाऊ द्यायचे नाहीत, असे ठरवून टाकले. संपूर्ण चौकशीतून निघालेल्या शिफारशींपेक्षा ही शिफारस मला जास्त अभियांत्रिकीची वाटते.

चौकशी आयोगात होल्गेट, केरी आणि टोरोंटोचे प्राध्यापक गॅलब्रेथ असे तिघे, तिघेही अभियंते. त्यांनी दोष ठेवला तो खालच्या मेंबरच्या डिझाइनवर, ते करणाऱ्या श्लाप्कावर आणि ते तपासणाऱ्या कूपरवर. जबाबदार माणसांनी नीट विचार केला असता तर माणसे वाचली असती, असेही म्हटले. शिक्षा कुणालाच झाली नाही. पूल नव्याने, कितीतरी जाड लोखंडाचा बांधायला घेतला. १९१६ मध्ये मधला भाग उचलताना तो नदीत पडून आणखी १३ जण गेले. १९१७ ला पुरा झाला. ऑगस्ट १९१९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते थाटात उद्घाटन झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी कूपर वारला. गाळा १,८०० फुटांचाच ठेवला आहे, आणि कॅन्टिलिव्हर पुलांत तो आजही जगात सर्वांत लांब आहे.

आता नेहमी सांगतात ती गोष्ट अशी: पूल पडला, देश हादरला आणि म्हणून अभियंत्यांची नोंदणी सुरू झाली. ऐकायला छान आहे, पण इतिहास एवढा शहाण्यासारखा वागत नाही. मॅनिटोबात १८९६ सालीच एक कायदा होऊन बसला होता, त्याचा जोर नव्हता एवढेच. खरी लाट आली ती पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये. ओंटारियोचा कायदा १९२२ चा. तेव्हाच्या अभियंत्यांची तक्रार मुख्यतः पगाराची आणि मानाची होती. डॉक्टर-वकिलांना कायद्याचे कुंपण आहे, आम्हाला का नाही? कुणीही उठतो आणि स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. ओंटारियोतली नोंदणी तर सुरुवातीला ऐच्छिक होती; परवान्याशिवाय काम करता येणार नाही, असे कलम यायला १९३७ उजाडले. तिकडे अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये पहिला कायदा झाला तोही १९०७ मध्येच, आणि त्याचे कारण तर आणखी साधे होते. पाण्याच्या हक्कांसाठी लागणारे नकाशे वकील आणि नोटरी स्वतःच काढून 'अभियंता' म्हणून सही ठोकत. राज्याच्या मुख्य अभियंत्याला ते नकाशे बघवेनात.

तेव्हा नोंदणीचा जन्म फारसा उदात्त नाही. धंद्याचे कुंपण ते पहिल्यापासून होतेच, आणि त्या कुंपणाच्या बाहेर मी स्वतः उभी राहिलेली आहे. कॅनडात गेल्यावर पदवी तपासली जाते, काही परीक्षा माथी मारल्या जातात, कायदा आणि नीतिशास्त्राचा पेपर वेगळा. चार वर्षांचा अनुभव लागे आणि त्यातला एक वर्षाचा कॅनडातच, परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली हवा असे. आणि तो अनुभव मिळायला आधी कुणीतरी नोकरी द्यायला हवी. परवाना मिळेपर्यंत स्वतःला इंजिनिअर म्हणवणे हाही गुन्हा. पुण्यात दहा-दहा मजल्यांची डिझाइन केलेली बाई तिथे कार्डावर 'ड्राफ्टिंग' लिहून लोकांची ड्रॉइंग सुधारत बसली होती. कॅनडातल्या अनुभवाची ती अट ओंटारियोने २०२३ मध्ये काढून टाकली. फार आधी जायला हवी होती.

त्या काळात मी क्वेबेकचा अहवाल वाचला, आणि वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. समजा १९०० सालीच कडक नोंदणी असती. कूपर अडला असता का? मुळीच नाही. कुठलीही परीक्षा तो पहिल्या नंबराने पास झाला असता. परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा अध्यक्षच तो झाला असता. नोंदणीमुळे नालायक माणसे गाळली जातात हा तिच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. क्वेबेकचा पूल नालायकांनी पाडलेला नाही.

फरक पडला असता तो मॅक्लूरला. पंचविशीच्या आसपासचा, कुणाच्या तरी पगारावरचा, वाकलेला मेंबर हाताने मोजणारा हा पोरगा. त्याच्याकडे आकडा होता, भीती होती आणि ती योग्य होती. नव्हते ते उभे राहायला ठिकाण. परवानाधारक अभियंत्यावर आज कायद्यानेच असे बंधन आहे की लोकांचा जीव धोक्यात दिसला तर मालक, ग्राहक, साहेब सगळ्यांच्या आधी लोकांचा विचार करायचा, आणि तुमचा सल्ला डावलला तर त्याचा परिणाम काय होईल हे स्पष्ट सांगायचे. न सांगितल्यास परवाना जाऊ शकतो. वाचताना हे ओझे वाटते. हाताखाली काम करणाऱ्याला विचारा, ती ढाल आहे.

पुण्यातल्या त्या कचेरीत असताना एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन कॉलम पार्किंगसाठी बारीक केल्याचे माझ्या लक्षात आले. मी हिशेब मांडून साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हते. कागदाकडे न बघता ते म्हणाले, "यावर सही तुझी आहे का?" नव्हती. सही महापालिकेचा परवाना असलेल्या तिसऱ्याच गृहस्थांची होती, आणि ते आठवड्यातून एकदा येऊन चहा पिता पिता गठ्ठ्यावर सह्या करत. हिशेब माझा, नाव त्यांचे, आणि निर्णय बिल्डरचा. चुकले तर धरायचे कुणाला, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता आले नसते.

पुढे ओंटारियोत परवाना मिळाल्यावर असाच एक प्रसंग आला. एका गोदामाच्या मालकाला पोटमाळ्यावर जड यंत्रे ठेवायची होती, आणि माझ्या पत्रातली दोन वाक्ये त्याला सौम्य करून हवी होती. वाद घालायची मला गरज पडली नाही. शिक्क्यावर माझे नाव आहे, हे मी बदलले तर माझा परवाना जाईल, एवढेच म्हटले. माझ्या वरिष्ठांनीही लगेच मान डोलावली, कारण त्यांनाही आता तेच म्हणता येत होते. मालकाने दुसरा अभियंता शोधला असेल, पण तोही त्याच नियमाने बांधलेला होता.

शास्त्रज्ञांनाही हाच धडा मिळाला, थोडा उशिरा आणि पैशांच्या भाषेत. ब्री-एक्स ही कॅलगरीची छोटी खाण कंपनी. बोर्निओतल्या बुसांग इथे तिला अफाट सोने सापडल्याची आवई उठली आणि तिचे बाजारमूल्य ६ अब्ज डॉलरच्या वर गेले. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत निघाले की जमिनीतून काढलेल्या नमुन्यांत सोने मागाहून मिसळले होते. लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडाली. अहवाल भूवैज्ञानिकांचे, पण ओंटारियोत भूवैज्ञानिक म्हणवून घ्यायला तेव्हा परवान्याची गरज नव्हती. २००० मध्ये प्रांताने भूवैज्ञानिकांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि लगोलग शेअर बाजारासाठी देशभर नियम आला की खाणीबद्दलच्या आकड्यांमागे एका पात्र, नोंदणीकृत माणसाचे नाव हवे. 'कंपनीच्या तज्ज्ञांच्या मते' हे आता चालत नाही.

एवढे असूनही छप्परे पडतात. एलियट लेक या ओंटारियोतल्याच गावी २०१२ मध्ये मॉलच्या छतावरची पार्किंग खाली कोसळून दोन बायका गेल्या. ते छप्पर मॉल बांधल्यापासून गळत होते. काही आठवड्यांपूर्वीच इमारत भक्कम असल्याचा अहवाल दिला गेला होता, आणि पाहणी करणाऱ्याचा परवाना आधीच्या एका प्रकरणात रद्द झालेला होता. चौकशी आयोगाने अभियंत्यांना आणि त्यांच्या संस्थेलाही धारेवर धरले. सतत शिकत राहण्याची सक्ती त्यानंतर आली, ती अमलात यायला २०२३ उजाडले. नोंदणीची वही ठेवणारे झोपले तर वहीचा उपयोग नाही. पण निदान विचारायला एक वही होती आणि त्यातून नाव खोडलेले होते.

आपल्याकडे ही वहीच नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, तोही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितल्याप्रमाणे नावापुरते संरक्षण देतो. अभियंत्यांसाठी देशभर लागू असा कायदाच नाही. मसुदे अधूनमधून निघतात. १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स 'चार्टर्ड इंजिनिअर' ही मान्यता देते, पण ती घेतल्याशिवाय काम करता येत नाही असे नाही. २००१ च्या भूकंपात अहमदाबादचे टॉवर पडल्यावर गुजरातने सिव्हिल अभियंत्यांच्या नोंदणीसाठी २००६ मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात महापालिका परवाने देतात; एका पालिकेने परवाना काढून घेतला तर शेजारच्या पालिकेला ते आपसूक कळेल अशी सोय नाही. लाखो पोरे दरवर्षी अभियंते होऊन बाहेर पडतात आणि त्यांच्यातला प्रत्येक जण पहिल्या नोकरीत मॅक्लूर असतो. त्यांना ढाल द्यायची तर राज्याची एक वही हवी, तिच्यात काम करणाऱ्याचेच नाव हवे, आणि ते नाव खोडण्याचा अधिकार कुणाकडे तरी हवा. नुसती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे वाटायची असतील तर हा उद्योग न केलेलाच बरा. क्लासवाल्यांची सोय होईल.

कायदा होईल तेव्हा होवो. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, इतरत्रही सोसायट्या ते करून घेतात. तुमच्या सोसायटीचा अहवाल हातात आला की शेवटच्या पानावरचे नाव वाचा, त्या माणसाला फोन करा आणि विचारा: तुम्ही स्वतः आमच्या गच्चीवर आणि पार्किंगमध्ये आला होतात का? उत्तर नाही असेल तर पैसे देऊ नका.